थ्रीडी स्लायसर: पारदर्शक कॉर्टेक्समधून हिप्पोकॅम्पस दिसत नाही

लक्षण: थ्रीडी स्लायसर (वैद्यकीय प्रतिमांचं सॉफ्टवेअर) मधल्या मेंदूच्या मॉडेलमध्ये कॉर्टेक्सची (मेंदूचा बाहेरचा थर) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ०.३, तरी आतला हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला एक भाग) एका कोनातून दिसतो, मेंदू फिरवला की गायब. ओपॅसिटी ०.१ केली तर कॉर्टेक्सच नुसता धुरकट. मॉडेल पुन्हा लोड करूनही तेच. डोकं पार उठलं.

कारण: मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांचा बनतो ते पारदर्शक त्रिकोण खोलीच्या क्रमाने (मागचे आधी, पुढचे नंतर) रंगवले जात नव्हते.

आधी थ्रीडी व्ह्यूच्या पट्टीवरची पिन दाबा, डोळ्याच्या चिन्हाच्या मेनूत ‘यूज डेप्थ पीलिंग’ला (पारदर्शक थर खोलीच्या क्रमाने रंगवणारा पर्याय) टिक करा. मग मॉडेल्स मॉड्यूलमध्ये कॉर्टेक्स निवडून ओपॅसिटी ०.२५ ते ०.३५ ठेवा, हिप्पोकॅम्पस मात्र १.०. कॉर्टेक्सच्या घड्यांची मागची भिंत मध्ये येत असेल तर ‘व्हिजिबल साइड्स’मध्ये फक्त पुढची बाजू ठेवा, हे सहसा कोणी बघतच नाही. पृष्ठभाग फार दाट असेल तर फिरवताना व्ह्यू अडखळतो, तेव्हा डेसिमेशनने त्रिकोण कमी करा.