प्लेअरमधली गाणी नाहीशी झाल्यास: दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीची तयारी

प्लेअर सुरू केल्यावर गाण्यांची यादी रिकामी दिसली, की बहुतेक जण तो लगेच संगणकाला जोडतात आणि समोर येईल ते ‘सिंक’ (संगणकावरच्या संग्रहाशी जुळवणी) किंवा ‘रिस्टोअर’चे (मूळ स्थितीत परत नेण्याचे) बटण दाबून मोकळे होतात. सर्वाधिक नुकसान याच घाईत होते. गाणी यादीत न दिसणे आणि गाणी पुसली जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात फायली जागच्या जागी असतात, केवळ प्लेअरला त्या सापडत नाहीत. दुसऱ्या प्रकारातही त्या काही काळ परत मिळण्याजोग्या असतात, परंतु त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की ती आशा मावळते. म्हणून पुढची सगळी तयारी एकाच हेतूने करायची आहे: नेमके काय हरवले आहे हे कळेपर्यंत प्लेअरच्या साठवणीत नवे काहीही लिहिले जाऊ नये.

पहिले काम केबल न जोडता करावे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ किंवा तत्सम नावाच्या पानावर एकूण जागा, वापरलेली जागा आणि मोकळी जागा दाखवलेली असते. हे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. १६ जीबीच्या प्लेअरमध्ये एकही गाणे दिसत नाही आणि तरीही ११ जीबी जागा व्यापलेली आहे, असे आढळले तर गाणी बहुधा आतच आहेत आणि बिघाड यादीचा आहे, असे समजून चालावे. जागा मोकळी दिसत असेल तर मात्र फायली पुसल्या गेल्या असण्याचा, मेमरी कार्ड वाचले जात नसण्याचा किंवा साठवणच बिघडल्याचा संशय घ्यावा लागतो. निदानाच्या कामात या एका आकड्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही, आणि आश्चर्य म्हणजे तो पाहण्याचे सुचते फार थोड्यांना.

त्याच कागदावर आणखी काही गोष्टी लिहाव्यात. सगळीच गाणी गेली आहेत, की फक्त एक अल्बम, फक्त अलीकडे चढवलेली गाणी, फक्त कार्डावरची गाणी, की केवळ प्लेलिस्टमधली? कलाकारांच्या यादीत न दिसणारे गाणे ‘फोल्डर’ किंवा ‘सर्व गाणी’ या मार्गाने गेल्यास दिसते का? गाणी शेवटची नीट वाजली त्यानंतर काय काय घडले, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली का, गाणी चढत असताना केबल निघाली का, फर्मवेअर (प्लेअर चालवणारी आतली प्रणाली) बदलले का, कार्ड काढून दुसऱ्या उपकरणात घातले होते का, प्लेअर परक्या संगणकाला जोडला होता का? या प्रश्नांची उत्तरे विसरण्यापूर्वी लिहून ठेवली, तर पुढची अर्धी शोधाशोध वाचते.

आता साहित्य. केबल अशी हवी की जिच्यातून माहितीही जाते. अनेक केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्या जोडल्यावर प्लेअर चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही, आणि मग दोष नसलेल्या प्लेअरवर नसते उपचार सुरू होतात. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घ्यावी. प्लेअरच्या एकूण क्षमतेइतकी तरी मोकळी जागा संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर असावी, दुप्पट असल्यास अधिक चांगले, कारण एक मूळ प्रत आणि तिच्यातून सोडवलेली गाणी अशी दोन्ही ठेवायची वेळ येऊ शकते. प्लेअरमध्ये मायक्रोएसडी कार्ड असेल तर कार्ड रीडर आणि मोठ्या एसडी आकाराचा अडॅप्टर जवळ ठेवावा. अडॅप्टरच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकवली की बहुतेक रीडर त्या कार्डावर लिहू देत नाहीत, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. गाणी विकत घेतली असतील किंवा एखाद्या सेवेतून उतरवली असतील, तर त्या खात्याचे नाव आणि पासवर्डही हाताशी असावेत.

प्लेअर जोडण्यापूर्वी संगणकाची आपोआप काम करण्याची सवय मोडून ठेवावी लागते. आयपॉड हाताळणाऱ्या ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्राममध्ये ‘प्रेफरन्सेस’च्या ‘डिव्हाइसेस’ भागात आपोआप सिंक होऊ न देण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. त्याशिवाय आयपॉड जोडताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, तर मॅकवर कमांड आणि ऑप्शन या कळा तो संगणकाला दिसू लागेपर्यंत दाबून धरल्या तरी तेवढ्यापुरते आपोआप सिंक थांबते. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून आयट्यून्स नाही. तेथे आयपॉड फाइंडरमध्ये दिसतो आणि सिंकचे पर्यायही तेथेच असतात. हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी (संगणकावरच्या गाण्यांच्या संग्रहाशी) जोडलेला आहे, तो पुसून या लायब्ररीशी सिंक करायचा का, असा प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर निःसंदिग्ध नकार हेच असावे. संगणकावरची लायब्ररी रिकामी असताना त्याला होकार दिला, तर प्लेअरही रिकामा होतो आणि संगणकाच्या दृष्टीने काम चोख पार पडलेले असते.

विंडोजचे दोन संदेश विशेष सावधपणे वाचावेत. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ हा संदेश डिस्क निकामी झाल्याचा दाखला नव्हे. मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला जोडला तरी तो येतो, कारण मॅकची एचएफएस प्लस ही डिस्कवर फायली मांडण्याची रचना विंडोजला आपणहून वाचता येत नाही; तोच आयपॉड मॅकला जोडल्यास सगळे जागेवर दिसू शकते. दुसरा संदेश ‘स्कॅन करून दुरुस्त करा’ असा असतो. ही दुरुस्ती वाईट नव्हे, पण ती साठवणीवर लिहिते आणि तुटलेल्या फायलींचे तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके विस्ताराने टाकून देते. प्रत काढून होईपर्यंत ती करू नये.

यादीचा बिघाड म्हणजे काय हे आयपॉडच्या रचनेवरून चांगले कळते. क्लासिक, मिनी आणि नॅनो या प्रकारांत गाणी ‘आयपॉड_कंट्रोल’ या लपवलेल्या फोल्डरात, त्यातल्या ‘म्युझिक’मध्ये, एफ००, एफ०१ अशा क्रमाने असतात, आणि फायलींची नावे चार अक्षरांची व अर्थहीन असतात. कोणते गाणे कोणत्या फायलीत आहे हे आयट्यून्सडीबी नावाचा वेगळा डेटाबेस सांगतो. गाणी चढत असताना केबल निघाली आणि तो डेटाबेस अपुरा राहिला, की प्लेअर शून्य गाणी दाखवतो, जागा मात्र भरलेलीच असते. आयट्यून्समधल्या पट्टीवर ती ‘अदर’ या नावाखाली दिसते. अशा वेळी विंडोजमध्ये ‘हिडन आयटम्स’ दाखवण्याचा पर्याय निवडून, किंवा मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबून, ते फोल्डर उघड करावे आणि संपूर्ण ‘म्युझिक’ फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवून घ्यावे. आयपॉड डिस्क म्हणून दिसत नसेल तर तो आधी डिस्क मोडमध्ये (संगणकाला साध्या डिस्कसारखा दिसण्याच्या स्थितीत) न्यावा लागतो. उतरवलेल्या फायलींची नावे निरर्थक दिसली तरी चिंता नको. गाण्याचे नाव, कलाकार आणि अल्बम हे फायलीच्या आत टॅगच्या रूपाने असतात, आणि फायली लायब्ररीत घेतल्या की ते पुन्हा दिसू लागतात. आयपॉड टचला हा मार्ग लागू नाही, त्याची साठवण अशा रीतीने डिस्क म्हणून उघडत नाही.

फायली ओढून टाकण्याच्या प्रकारचे जे प्लेअर आहेत, त्यांची तपासणी अधिक सोपी असते. कार्ड काढून, संपर्काच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून ते परत नीट बसवावे. प्लेअरवर यूएसबीने जोडले जाण्याचे एमटीपी (फायली प्लेअर स्वतः दाखवतो) आणि एमएससी (प्लेअर साध्या डिस्कसारखा दिसतो) असे दोन मोड असल्यास दोन्हींत पाहावे, कारण एका मोडमध्ये चढवलेल्या फायली दुसऱ्यात दिसत नाहीत असे काही जुन्या प्लेअरांत घडते. ३२ जीबीपर्यंतची कार्डे साधारणतः फॅट३२ आणि त्याहून मोठी एक्सफॅट रचनेत येतात; ज्या प्लेअरला एक्सफॅट कळत नाही, त्याला मोठे कार्ड रिकामे किंवा सदोष वाटते, संगणकावर मात्र तेच कार्ड व्यवस्थित उघडते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये एखाद्या फोल्डरात ‘.नोमीडिया’ ही फाइल शिरली असेल, तर त्या फोल्डरातली गाणी लायब्ररीत येत नाहीत. गाण्यांची प्रत काढून झाल्यावर ‘लायब्ररी नव्याने बांधा’ किंवा ‘रीस्कॅन’ हा पर्याय चालवावा; यादीच्या बिघाडावर बहुधा एवढाच उपाय पुरतो.

येथे एक थोडी आडवळणाची नोंद करतो. जुन्या, २ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फॅट१६ ही रचना असते आणि तिच्यात सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, सामान्यतः ५१२ नोंदीच मावतात. लांब नावाच्या फायलीला प्रत्येक १३ अक्षरचिन्हांमागे एक आणि शिवाय मूळची एक अशा नोंदी लागतात, म्हणजे ४० चिन्हांच्या नावाला पाच. देवनागरीत काना-मात्राही स्वतंत्र मोजले जात असल्याने नावे भराभर लांबतात. सुमारे शंभर गाण्यांनंतर, भरपूर जागा शिल्लक असूनही, पुढची गाणी चढत नाहीत आणि मग ती ‘गेली’ असे वाटते. गाणी फोल्डरांत ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

काही हरवणी मुळात हरवणीच नसतात. टॅग रिकामे झालेली गाणी ‘अननोन आर्टिस्ट’खाली जाऊन बसतात, ती शोधायची असतील तर यादीचा शेवट आधी पाहावा. एम३यू प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, त्यांचे पत्ते असतात, त्यामुळे फोल्डरचे नाव बदलले की प्लेलिस्ट रिकामी होते. स्ट्रीमिंग सेवेतून उतरवलेली गाणी तर आपल्या मालकीची नसतातच: उदाहरणार्थ, स्पॉटिफायवर ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटला जोडले नाही तर उतरवलेली गाणी वाजत नाहीत. २००९ पूर्वी आयट्यून्स स्टोअरमधून घेतलेल्या अनेक गाण्यांवर कुलूप असते आणि ती ज्या खात्यावर घेतली त्याची परवानगी संगणकाला दिल्याखेरीज वाजत नाहीत. या प्रकारांत प्लेअरची दुरुस्ती करत बसणे व्यर्थ आहे.

फायली खरोखर पुसल्या गेल्या असतील तर कामाची पद्धत बदलते. पुसताना फाइल सहसा खरवडून काढली जात नाही, तिची जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते; म्हणून आधी संपूर्ण कार्डाची किंवा डिस्कची हुबेहूब प्रतिमा (डिस्क इमेज, म्हणजे मोकळ्या जागेसह सगळ्याची एका फायलीत घेतलेली प्रत) तयार करावी आणि शोध त्या प्रतिमेत घ्यावा. साठवण अडखळत वाचली जात असेल तर प्रतिमेसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन योग्य आहे, आणि गाणी वेचण्यासाठी फोटोरेक हे मोफत साधन, नाव छायाचित्रांचे असले तरी, एमपी३सह इतर अनेक प्रकार ओळखते. सापडलेल्या फायली कधीही त्याच कार्डावर साठवू नयेत. मूळ नावे बहुधा परत मिळत नाहीत, पुन्हा टॅगचाच आधार घ्यावा लागतो. केवळ एमटीपीने जोडल्या जाणाऱ्या प्लेअरची आतली साठवण अशा साधनांना दिसत नाही, त्यामुळे तेथे हा खटाटोप निष्फळ ठरतो; कार्डावर मात्र जरूर करून पाहावा.

जुन्या हार्ड डिस्कच्या प्लेअरमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, किंवा बॅटरी फुगून झाकण उचलले गेले असेल, तर वरीलपैकी काहीही करू नये. प्लेअर बंद करून जाणकाराकडे द्यावा. फुगलेली बॅटरी चार्ज करणे धोक्याचे आहे.

गाणी हाती आल्यावर परत चढवण्याची घाई करू नये. संगणकावरच्या लायब्ररीत गाण्यांपुढे उद्गारचिन्ह दिसत असेल तर मूळ फायलींचा पत्ताच तुटलेला आहे, तो आधी जोडावा. कार्डाची खरी क्षमता तपासावी: बनावट कार्डावर ६४ जीबी लिहिलेले असते, आत त्याहून पुष्कळ कमी असते, आणि मर्यादा ओलांडल्यानंतरच्या गाण्यांची फक्त नावे दिसतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक व लिनक्सवर एफ३ ही साधने रिकाम्या कार्डावर लिहून-वाचून हा खोटेपणा उघड करतात. कार्ड फॉरमॅट करायचे ते शक्यतो प्लेअरमध्येच करावे. त्यानंतर दहा-पंधरा गाणी चढवून, ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ करून, प्लेअर बंद-चालू करून ती वाजतात का हे पाहावे आणि मगच उरलेली गाणी गटागटाने चढवावीत. मॅकवरून चढवल्यास टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फायलीही सोबत जातात आणि काही प्लेअरांत न वाजणारी जोडगाणी म्हणून दिसतात. त्या निर्धास्त पुसाव्यात. प्लेलिस्ट सर्वांत शेवटी, फोल्डरांची नावे कायम झाल्यावरच तयार कराव्यात, आणि सुरुवातीला काढलेली मूळ प्रत सगळी लायब्ररी एकदा तपासून होईपर्यंत पुसू नये.