फुटायच्या आधीच बदललेल्या ट्रान्समिशन कूलर लाइन

जुना ट्रक रात्रभर उभा राहिला की रेडिएटरखाली लाल तेलाचे थेंब. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या-आणणाऱ्या धातूच्या दोन नळ्या, म्हणजे कूलर लाइन, गळत होत्या. त्यांचे नट आवळले, मग गंजका तुकडा कापून रबरी नळी क्लॅम्पने आवळून लावली. महिन्याभरात पुन्हा ओल. फार वैताग आला. शेवटी दोन्ही लाइन बदलल्या.

आदल्या रात्री जोडांवर गंज सोडवणारं तेल मारलं. सकाळी, इंजिन थंड असताना, खाली ट्रे ठेवला. रेडिएटरचं फिटिंग एका पान्याने घट्ट धरून दुसऱ्याने लाइनचा नट सोडवला. फिटिंग न धरता जोर लावला तर रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर पिळवटतो. मग गिअरबॉक्सकडचा जोड. नवी लाइन दोन्ही टोकांना हाताने बसवली, क्लिपा लावल्या, मगच आवळली. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून सगळे गिअर फिरवले, पातळी पाहिली. जुन्या लाइनचा गंज क्लिपांखालीच सर्वांत खोल निघाला.