केसांवर पीएचडी करायची आहे? आधी या चुका टाळा

इंदूरच्या होळकर कॉलेज किंवा देवी अहिल्या विद्यापीठातून एमएस्सी झालेल्या मुलामुलींपैकी कुणाला केसांवर संशोधन करायचं असेल, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा विभाग कुठे आहे? बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण अशा नावाचा विभाग सहसा नसतोच. पैसे भरून केशतज्ज्ञाचं प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम मात्र भरपूर दिसतात. त्याचा आणि पीएचडीचा संबंध नाही.

शोधायचा असतो तो प्रश्न. केस पांढरे का होतात हे पेशीजीवशास्त्रवाले पाहतात. ताण दिल्यावर केस कसा तुटतो हे पदार्थविज्ञान किंवा वस्त्रतंत्र. केसात साठलेलं आर्सेनिक शोधणं न्यायवैद्यक रसायनाकडे जातं. लोकरीसाठी राजस्थानात अविकानगरची मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे, कातड्यावरचे केस काढण्याच्या रसायनासाठी चेन्नईची चर्मसंशोधन संस्था. या संस्थांच्या जाहिरातीत 'केस' हा शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. केराटिन (केस ज्याचा बनतो ते प्रथिन), तंतू, त्वचा असे शब्द टाकून पाहा.

सगळ्यात महागात पडणारी चूक प्रस्तावातच असते. शीर्षक 'केसांची वाढ' आणि नमुने कापलेल्या केसांचे! डोक्यावर दिसणारा केस मृत असतो. वाढ, गळती, रंग हे सगळं त्वचेखालच्या केशमुळात ठरतं. तिथे वाढीचा टप्पा काही वर्षं चालतो, मग दोन-तीन आठवड्यांचा उतरता काळ आणि सुमारे तीन महिने विश्रांती. म्हणून माक्याच्या तेलाने केस वाढतात का, हे कापलेल्या बटांवरून सांगता येणार नाही. (माक्याच्या तेलावरचे प्रस्ताव इतके येतात की मार्गदर्शकही कंटाळतात. यंत्रणा सांगता येत नसेल तर तो विषय सोडाच.) उलट ब्लीचने केस कसा खराब होतो हा प्रश्न असेल, तर कापलेला केस उत्तम. गंधकाचे बंध तुटून केसातल्या सिस्टाइन या अमिनो आम्लापासून सिस्टिक आम्ल तयार होतं, ते तिथेच मोजता येतं.

दुसरा घोळ 'केसासारख्या' रचनांचा. दिसायला सारखं म्हणजे घडण सारखी नव्हे. पालीच्या पायाचे सूक्ष्म केस केराटिनच्या जातीच्या प्रथिनांचे, किड्यांचे केस कायटिनचे, म्हणजे त्यांचं कवच ज्याचं असतं त्याचे. कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना तर केसच नसतात, ते ॲक्टिन या वेगळ्याच प्रथिनाचे दांडे. आणि कापसाचा तंतू म्हणजे बीच्या सालीवरची एकच पेशी, फूल उमलण्याच्या सुमाराला वाढायला लागते आणि अडीच-तीन सेंटीमीटर लांब होते. माळव्यातल्या विद्यार्थ्याने हा विषय परका समजू नये. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून इंदूरला जी वनस्पती संस्था चालवली, ती मुळात कापसासाठीच होती. कंपोस्टची इंदूर पद्धत नंतर गाजली. आज कापसासाठी नागपूर आणि मुंबईच्या संस्था पाहाव्यात.

आकडे जुळत नाहीत, अशी तक्रार बहुधा नमुन्यांमुळे येते. सलूनमधून गोळा केलेल्या केसांना मेंदी, रंग, स्ट्रेटनिंग यातलं काय लागलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. देणाऱ्याकडून माहिती आणि संमती घ्या, संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी काढा. दुसरं कारण हवा. केस स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के पाणी शोषू शकतो आणि ओला झाला की सहज ताणला जातो. इंदुरात मे महिन्यात मोजलेली ताकद आणि ऑगस्टमधली ताकद शेजारी ठेवून निष्कर्ष काढाल तर तो पावसाळ्याचा असेल, शाम्पूचा नाही. वस्त्रप्रयोगशाळेत 27 अंश सेल्सियस आणि 65 टक्के आर्द्रतेवर नमुने आधी ठेवतात, तसंच करा. मुंगसाचे किंवा वन्यप्राण्यांचे केस ब्रशवाल्याकडून मिळतात म्हणून आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

यंत्र नाही म्हणून विषय सोडणारेही असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ॲस्टबरी यांनी 1930च्या दशकात इंग्लंडात लीड्सला लोकरीवर क्ष-किरण टाकून केराटिनची रचना उलगडायला सुरुवात केली. तसल्या कामाला लागणारा क्ष-किरणांचा झोत आपल्या कॅटमध्ये (इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र), इंडस-2 या सिंक्रोट्रॉन यंत्रावर आहे. विद्यापीठातल्या संशोधकांना प्रस्ताव देऊन तिथे वेळ मागता येतो. पण 'केस पाहायचे आहेत' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या अंतराची रचना पाहायची, किती नमुने, तुलना कशाशी, हे लिहावं लागतं.

पैशाचं थोडक्यात: सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. परदेशासाठी युरोपीय संघाच्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडीच्या जागा पाहताना अट आधी वाचा: मागच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीत आखेनची डीडब्ल्यूआय संस्था मूळची लोकर संशोधनाचीच. तिथे किंवा कुठेही ईमेल लिहिताना 'आदरणीय सर, मला केसांची आवड आहे' असं नको. त्यांच्या एका शोधनिबंधातला कोणता प्रश्न उरलाय आणि तुमच्या हाताला कोणतं तंत्र येतं, हे चार ओळींत लिहा.