इंग्रजी नवीन असलेलं मूल आपल्या वर्गात आलं तर

घरी इंग्रजीचा गंध नाही आणि वर्ग पूर्ण इंग्रजीत चालतो, असं मूल आलं की पहिले काही आठवडे, कधी कधी तर काही महिने ते तोंडच उघडत नाही, आणि आपल्याला टेन्शन येतं की याला काही समजतंय तरी का. समजत असतं हो, थोडं थोडं. ते कान देऊन ऐकत असतं, त्यामुळे बोल बोल म्हणून मागे लागू नका, त्याला न बोलता उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा, म्हणजे चित्रावर बोट ठेव, दोन कार्डांपैकी बरोबर असेल ते उचल, असं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा दिसलं की टीचर प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि चांगली यायला लागतात. हे सगळ्याच मुलांचं झालं, आपल्या मुलाला तर प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर शोधायचं आणि मग ते इंग्रजीत बसवायचं एवढं सगळं करायचं असतं, मी मनात पाच आकडे मोजते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल मैदानावर मित्रांशी छान बोलायला लागलं की आपण म्हणतो चला झालं, आणि मदत बंद करतो. इथेच घोळ होतो. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच हा फरक मांडलाय, गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते पण पुस्तकाची, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात.

गणितात हे लगेच दिसतं. ‘थ्री लेस दॅन टेन’ असं लिहिलेलं असतं आणि मूल वाचलं त्याच क्रमाने ३ - १० लिहून मोकळं होतं. ‘हाऊ मेनी मोर’ विचारलं की ‘मोर’ (जास्त) हा शब्द दिसला म्हणून सरळ बेरीज करतं. वजाबाकी त्याला पक्की येत असते, अडतं ते वाक्यात. मग मी काय करते, आकडे झाकून आधी नुसती गोष्ट वाचून घेते, कोणाकडे जास्त आहे, कोणाकडे कमी, ते चित्र काढून दाखव म्हणते, आणि मग आकडे उघडते. आणि टेबलसारखे शब्द धडा सुरू करायच्या आधीच सांगून टाका, कारण त्याला माहीत असलेलं टेबल चार पायांचं असतं आणि तुम्ही बोलताय रकान्यांबद्दल.

विज्ञानात अर्धी वाक्यं फळ्यावर लिहून ठेवा, ‘आय थिंक द वॉटर विल डॅश बिकॉज डॅश’. डॅशच्या जागी काय भरायचं ते मुलाने ठरवायचं, म्हणजे विचार त्याचा आणि सांगाडा आपला. हळूहळू सांगाडा कमी करत जायचा, हे विसरू नका नाहीतर मूल वर्षभर त्याच वाक्यात अडकून राहतं.

मूल ‘ही गोएड येस्टरडे’ म्हणालं तर सगळ्यांसमोर थांबवू नका, ‘ओह, ही वेंट येस्टरडे? व्हेअर?’ असं बरोबर रूप आपल्या बोलण्यात घालून पुढे जा.

घरच्या भाषेवर बंदी तर अजिबात घालू नका प्लीज. बाष्पीभवन त्याला स्वतःच्या भाषेत कळलेलं असेल तर इंग्रजीत फक्त नवीन शब्द लागतो, कल्पना पुन्हा शिकावी लागत नाही. त्याच भाषेचं दुसरं मूल असेल तर आधी दोघांना आपसात बोलू द्या, पण त्या दुसऱ्या मुलाला दिवसभराचा दुभाषा करू नका, त्याचाही अभ्यास असतो.

पेपर तपासताना एवढं बघा की आपण नेमकं काय तपासतोय. विज्ञानाच्या पेपरात आकृती बरोबर, बाण बरोबर आणि स्पेलिंग चुकलं, तर मार्क विज्ञानाचे द्या, स्पेलिंग वेगळं शिकवता येतं.