गाण्यातला बेस ऐकायचा कसा

बेस, म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा सूर, मोबाईलच्या स्पीकरवर शोधू नका, भावांनो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 41 कंपनांवर वाजते. एवढा खालचा आवाज त्या इवल्या स्पीकरला पेलतच नाही. साधे इअरफोन लावा.

मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. शिकायला आलेल्या पोरांना आधी मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ ऐकवतो. 1982 च्या ‘थ्रिलर’ अल्बममधलं. आधी नुसते ड्रम, मग बेस येतो. आठच स्वर: सा, खालचा प, कोमल नी, सा, परत नी, प, म, प. मग पुन्हा तेच. शब्द सोडून द्या आणि ही ओळ तोंडानं गुणगुणा, अगदी रंकाळ्यावर फिरताना सुद्धा. गळ्यात बसली की कानाला आपोआप सापडते.

सापडत नसेल तर ड्रममधला तो जाड ‘धुम्’ पकडा. बेस बऱ्याचदा त्याच्याच सोबतीनं चालतो, फरक इतकाच की त्याला सूर असतो. मिरवणुकीतल्या डॉल्बीसमोर मात्र हा सराव करू नका. तिथं छाती हादरते, स्वर कळत नाहीत, आणि कान जातात ते वेगळंच.

मग आपली सिनेमाची गाणी घ्या. कितीतरी गाण्यांत बेस नुसता सा-प, सा-प करत असतो. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) बदलला की ‘सा’ची जागा सरकते. ती कुठं सरकली तेवढंच बोटांवर मोजा. एका बैठकीला एकच गाणं पुरे, आणि ते सलग तीनदा.