आकाशातला शिकारी ओळखायचा तर रंग शेवटी बघा

दुर्बीण डोळ्याला लावली की नवखा माणूस आधी रंग शोधतो आणि तिथेच फसतो. उजेडाविरुद्ध उडणारा कुठलाही शिकारी पक्षी काळाच दिसतो. शिवाय बहुतेक जातींत नर, मादी आणि पहिल्या वर्षाचे पिल्लू यांचे रंग वेगळे असतात. मधुबाजाचे तर दोन पक्षी एकसारखे मिळाले तर नशीब. म्हणून क्रम असा ठेवा: पंखांची टोके, पंख धरण्याची ढब, शेपूट, उडण्याची लकब. रंग त्यानंतर.

आधी शिकारी कोणाला म्हणायचे ते पक्के करू. आकड्यासारखी चोच, तिच्या मुळाशी नाकपुड्या असलेली मऊ, बहुधा पिवळी पट्टी, पुढे तीन आणि मागे एक बोट, बोटांना बाकदार नख्या. बहुतेक जातींत मादी नरापेक्षा मोठी असते. न पचलेली हाडे, केस, पिसे हे पक्षी गोळी करून ओकून टाकतात. नेहमीच्या बसण्याच्या खांबाखाली अशा गोळ्या सापडतात. नख्या बघायची सवय लावली तर पावशा फसवत नाही. राखाडी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे, उडणेसुद्धा शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखे, इतके की लहान पाखरे त्यालाही घाबरतात. पण पावशा कोकिळेच्या कुळातला. त्याची चोच जवळपास सरळ, डोळ्याभोवती पिवळे कडे, बसणे आडवे. शिक्रा ताठ उभा बसतो.

आता पहिली चाळणी. दिवसा शिकार करणाऱ्यांचे आपल्याकडे दोन गण आहेत: एकात ससाण्याचे कुळ, दुसऱ्यात घारी, गरुड, शिक्रे, भोवत्ये, गिधाडे आणि मासेखाऊ ऑस्प्रे. पूर्वी सगळे एकाच गणात घालत. 2008 साली जनुकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसले की ससाण्यांचे जवळचे नातेवाईक गरुड नसून पोपट आणि चिमण्यांसारखे पक्षी आहेत. खरुची (एक छोटा ससाणा) आणि शिक्रा सारखे दिसतात ते एकाच धंद्यात असल्यामुळे.

मैदानात ही फोड सोपी आहे. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, कोयत्यासारखे. गरुड, गिधाडांचे पंख रुंद आणि टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली. जवळून पाहायला मिळालाच तर ससाण्याचा डोळा गडद तपकिरी असतो आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा दिसतो. सावजाची मान तो या दाताने मोडतो. शिक्रा मारतो तो नख्यांच्या आवळणीने. ससाणे काड्यांचे घरटेही बांधत नाहीत. कड्याची कपार किंवा कावळ्याचे जुने घरटे त्यांना पुरते.

एक सावधगिरी: बहिरी ससाणा हवेत गोल फिरताना पंख पूर्ण पसरतो तेव्हा टोके बोथट वाटतात, आणि शिक्रा वेगात घसरताना पंख आवळतो तेव्हा टोकदार. किमान एक मिनिट पक्षी डोळ्याखाली ठेवा. एका फोटोवरून ठरवू नका.

उडण्याच्या लकबीतली ठळक खूण, एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखे राहणे. सासवड, सुपे, नान्नज अशा माळरानांवर असे करणारे मुख्यत्वे तीन. खरुची: हिवाळ्यात येते, टोकदार पंख, विटकरी पाठ, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. कापशी: बारमाही, पांढरट राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळा लाल. घसरताना ती पंख वर उचलून धरते. तिसरा सापमार गरुड. तो मोठा, घारीपेक्षाही रुंद, पोटाकडून फिकट, डोके घुबडासारखे मोठे. एवढ्या आकाराचा पक्षी हवेत थांबलेला दिसला तर आधी त्याचेच नाव मनात आणा.

शेपूट बघायला घारीवर सराव करा. शहरात ती रोज भेटते. तिच्या शेपटीला खाच असते आणि ती सुकाणूसारखी सारखी वळवते. पण शेपूट पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते, म्हणून घिरटी घेणाऱ्या घारीला लोक गरुड म्हणून मोकळे होतात. किनाऱ्यावर नेहमीचा गोंधळ ब्राह्मणी घारीच्या पिल्लाचा: तेही तपकिरी, पण शेपटीचे टोक गोल. प्रौढाचे पांढरे डोके आणि तांबूस पाठ आली की प्रश्न उरत नाही.

कोकणात आणखी एक जोडी चकवते. समुद्रगरुड आणि पांढरे गिधाड, दोघेही खालून काळे-पांढरे, दोघांची शेपूट पाचरीसारखी. गरुड पंख वर उचलून तरंगतो, चोच दणकट. गिधाडाचे पंख सपाट, तोंड पिवळे, चोच बारीक.

पंख उथळ V सारखे धरून गवतावरून दोन-तीन मीटर उंचीने सावकाश जाणारा पक्षी म्हणजे भोवत्या. पाठीमागून शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग दिसला तर बहुधा माँटेग्यूचा किंवा पांढुरका भोवत्या. नर सुटतो: माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी रेघ असते, पांढुरक्याच्या टोकाला काळी पाचर. तपकिरी माद्या आणि पिल्ले मात्र अनुभवींनाही छळतात. मानेभोवती स्पष्ट फिकट कॉलर दिसली तर पांढुरक्याकडे कल द्या, एवढेच.

सह्याद्रीत जंगलावर किंचाळत घिरट्या घालणारा बहुधा तुरेवाला सर्पगरुड. पंखाखाली काळ्या कडेच्या आत रुंद पांढरा पट्टा, तो खूप उंचावरूनही दिसतो. बसलेला असेल तर पाय बघा. सर्पगरुड आणि सापमार यांच्या पायाच्या नळीवर पिसे नसतात, खवले असतात. खऱ्या गरुडांच्या नळीवर बोटांपर्यंत पिसे असतात, मोजा घातल्यासारखी.

वेळ सकाळी नऊ ते अकराची धरा. जमीन तापून गरम हवा वर चढू लागते आणि जड पक्षी तिच्यावर स्वार होतात. गिधाडांची वाट पहाटेपासून बघण्यात अर्थ नाही. दुर्बीण 8 बाय 42. याहून जास्त मोठे दाखवणारी हातात थरथरते आणि उडता पक्षी निसटतो. फोटो काढताना आकाश उजळ असल्याने पक्षी काळा येतो. एक्स्पोजर +1 ते +1.5 करा, शटर 1/2000 च्या आसपास. दोन कोन लागतात, पोटाकडून आणि वळताना पाठीकडून.

आकार कधीच नुसत्या अंदाजाने लिहू नका. मोकळ्या आकाशात अंतर कळत नाही, त्यामुळे जवळची खरुची आणि लांबचा शाहीन (बहिरी ससाण्याचीच उपजात) एकच दिसतात. मात्र कावळे शिकाऱ्याच्या मागे लागलेच असतात. कावळा साधारण 40 सेंटिमीटर, घार 60, शिक्रा जेमतेम कबुतराएवढा. त्या मापाने तुलना लिहा. खात्री नसेल तर वहीत 'भोवत्या, जात ठरली नाही' असे लिहून पुढे चला. भोवत्ये गवतात जमिनीवर जमून रात्र काढतात, तेव्हा संध्याकाळी त्या गवतात शिरू नका, आणि घरट्याचे किंवा अशा मुक्कामाचे ठिकाण फोटोसोबत जाहीर करू नका.