भात पिवळं पडलं? रोप उपटू नका, खणा

आमचं शिवार बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. रोहिणीत धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतच. तीन वर्षांमागं भात महिन्याचं झालं आणि मधेमधे पिवळे चट्टे दिसायला लागले. मी युरिया फेकला. पात आठवडाभर हिरवी झाली, परत पिवळी. दोनचार रोपं उपटून बघितली, मुळं चांगली वाटली. तिथंच फसलो. रोग होता सूत्रकृमीचा, म्हणजे मुळात शिरून गाठी करणाऱ्या धाग्यासारख्या बारीक किड्याचा. उपटताना गाठी आलेली टोकं तुटून मातीतच राहतात!

म्हणून चट्ट्याच्या कडेचं रोप खुरप्यानं वीतभर खोल, मातीसकट काढा. ढेकूळ बादलीत अर्धा तास भिजू द्या, चोळू नका. मग मुळं ताटात पाण्यावर पसरा. निरोगी मूळ पांढरं, सरळ, टोकाकडं निमुळतं असतं. सूत्रकृमी लागलेल्याचं टोक फुगून गळासारखं वळतं. मुळावर नुसता तांबडा लेप असेल तर तो मातीतल्या लोहाचा थर, हा रोग नव्हे.

हा वाक येतो कसा, ते समजून घ्या. डोळ्याला न दिसणारं पिल्लू टोकाच्या जरा मागं शिरतं, मधल्या शिरेपाशी ठाण मांडतं आणि लाळ सोडतं. तिथल्या मोजक्या पेशींतल्या केंद्रकांची संख्या वाढत जाते, पेशी मात्र दुभंगत नाहीत. त्या अवाढव्य होतात. झाड त्यांना अन्न पुरवतं आणि किडा तेच ओढून घेतो. आजूबाजूच्या पेशीही फुगतात, ती गाठ. टोकाची वाढ खुंटते, म्हणून मूळ खोल जात नाही आणि उघडीप पडली की भात दुपारीच माना टाकतं. बिचारं झाड स्वतःच्या मुळात परक्याचं घर बांधत असतं, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

गाठ ब्लेडनं चिरून भिंगाखाली धरा. मोत्यासारखी पांढरी मादी दिसते. अंडी मुळाच्या आतच असतात. म्हणून पाणी तुंबवलं तर नवी पिल्लं शिरत नाहीत, पण आतली जगतात. तरीही बांध पक्के करून पाणी धराच. सावा, लव्हाळा काढा, किडा त्यांच्यावरही पोसतो. रोप लावण करणार असाल तर तरव्याची (रोपं वाढवायची) जागा एप्रिल-मेमध्ये ओलवून पारदर्शक प्लास्टिकखाली तीन आठवडे तापवा.

खात्री हवी तर मुळं न धुता, ओल्या मातीसकट पिशवीत बांधून सावलीतून कृषी विज्ञान केंद्रात न्या. तिथं कानडीत ‘बेरु गंटु’ (मुळाची गाठ) म्हणा, लगेच समजतं.